मोहरीची उशी आणि पाचवी गोळी

मार्गशीर्ष लागला की अमरावतीच्या हवेत कापूस उडायला लागतो. जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांमधून सुटलेले पुंजके विजेच्या तारांना अडकतात, तुळशीला चिकटतात, दोरीवरच्या साड्यांवर जाऊन बसतात. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता ट्रक असतात, पुंजके तेच. एखादा नाकाशी आला की मला शिंक येते, आणि शिंक आली की हमखास नेमबाजी आठवते. थंडीच्या दिवसांत लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, प्रेमबीम आठवतं. मला माझे सासरे आठवतात. अंगणात पालथे पडलेले, एक डोळा मिटलेला, खांद्याला मुसळ लावलेलं आणि मुसळाच्या बुडाखाली माझ्या न जन्मलेल्या मुलाची उशी.

हे असं एका दमात सांगितलं की माझ्या नातसुना माझ्याकडे काळजीनं बघतात. म्हणून जरा रीतसर सांगते.

मी मूळची पुण्याची, सदाशिव पेठेतली. वैशाखात लग्न होऊन अमरावतीला आले. ह्यांना अकोल्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची नोकरी होती आणि राहायला मित्राच्या खोलीतली एक खाट. तेव्हा घर मिळेपर्यंत मी सासू-सासऱ्यांजवळ राहायचं आणि ह्यांनी शनिवारी एस.टी.नं यायचं असं ठरलं. मूर्तिजापूर, बडनेरा करत ती गाडी अमरावतीला पोचेपर्यंत ह्यांचे केस धुळीनं पांढरे झालेले असत. दर शनिवारी मला माझ्या नवऱ्याचं म्हातारपण आगाऊ बघायला मिळायचं.

पहिल्याच दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "काय वं बाई, उभी काहून राहिली? बस नं. जेव अन् झोप." या सुरात आमच्या पेठेत फक्त भांडणं होत. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. त्या बोलण्यात माया असते हे कळायला मला अख्खा पावसाळा लागला. "मरतं का आता उपाशी?" म्हणजे अजून एक पोळी घे. "तुले काही समजत नाई" म्हणजे दमली आहेस, राहू दे, मी करते. एकदा हे उलगडल्यावर मात्र मला माहेरची गोड पत्रंच वाचवेनात. त्यांत नक्की काय म्हणायचंय ते शोधून काढावं लागायचं.

सासरे, म्हणजे आमचे मामंजी, वकील होते. आवाज असा की ते कोर्टात उभे राहिले की बाहेरच्या चिंचेवरचे पोपट उडत. घरीही ते साधं बोलतच नसत. आमटीत मीठ कमी असलं तर "या आमटीबद्दल मले काही मांडायचं आहे" अशी सुरुवात व्हायची, मग कालच्या आमटीचा दाखला, मग साक्षीदार म्हणून मी, आणि सासूबाई मिठाचं भांडं समोर आपटेपर्यंत युक्तिवाद चालू. कोर्टाला सुट्टी लागली की ते आजारी पडल्यासारखे दिसायचे. सुट्टी संपल्याच्या दिवशी दाढी करताना गायचे.

त्या वर्षी भाद्रपदात त्यांना विषमज्वर झाला. त्यातून उठले, पण डावा हात थरथरायला लागला. फार नाही, चहाची बशी किणकिणावी इतपत. पण मामंजींची कोर्टातली लकब अशी की डाव्या हातात कागद धरायचा आणि उजवा हवेत फिरवायचा. आता तो कागद फडफडायला लागला. दिवाळीनंतर मोझरीकडच्या एका अशिलानं आपली केस काढून घेतली. "साहेबाचा हातच ठरत नाई, तं केस काय ठरन," असं तो कोर्टाच्या पायरीवर म्हणाला, आणि ते वाक्य मामंजींच्या आधी घरी येऊन पोचलं. त्या दिवशी आमटी अळणी होती. मामंजी काही न बोलता जेवले, आणि सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

ह्यांचं वडिलांवर फार प्रेम, म्हणून सारखी भांडणं. त्या शनिवारी पाटावर बसल्या बसल्या हे म्हणाले, "बाबा, आता बस झालं. लय वर्सं केली वकिली. अकोल्याले चाला. मी मोठं घर पाहून राहिलो."

"अन् तिथी काय करू?" मामंजी म्हणाले. "खिडकीत बसून दूधवाल्याची उलटतपासणी करू?"

"आराम करा."

"आराम!" मामंजींनी तो शब्द असा उच्चारला की जणू भारतीय दंड विधानातलं ते एखादं कलम आहे.

आता नेमबाजी यात कुठून आली ते सांगते. चीनचं युद्ध नुकतंच होऊन थांबलं होतं. बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, पुरुष रेडिओच्या बातम्यांवर डावपेच आखत होते, आणि गावात नागरिकांना बंदूक शिकवायला एक रायफल क्लब निघाला होता. चीन अमरावतीपर्यंत येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण आलाच, तर तो आला तेव्हा आपण जेवत होतो असं व्हायला नको, अशी एकंदर भावना होती. वकील, मास्तर, वैद्य, संत्र्याच्या बागेचे मालक, सगळे रविवारी सकाळी मफलर गुंडाळून गावाबाहेरच्या जुन्या दगडाच्या खाणीत जमायचे आणि धोतरं सावरत पालथे पडायचे.

शिकवायला सुभेदार वानखडे होते, पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा कडक आणि बोलणं हिंदी-वऱ्हाडीची मिसळ. त्यांचं एकच सांगणं असायचं, आणि मामंजी ते घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवायचे. "बंदूक हातानं नाई ठरत जी. हात म्हणजे हालणारी चीज. बंदूक पिशवीवर ठरते. पुढची पिशवी बंदुकीचं वजन खाते, मागची पिशवी माणसाचं हालणं खाते."

पुढची पिशवी म्हणजे वाळूचं पोतं, त्यावर नळी टेकवायची. तिचं कोणाला काही कौतुक नव्हतं. खरी करामत मागच्या पिशवीची. ती लहान, मुठीत मावेल न मावेल एवढी, बंदुकीच्या दस्त्याखाली ठेवायची आणि डाव्या हातानं धरायची. पिशवी दाबली की ती फुगून वर येते, दस्ता उचलला जातो, आणि तिकडे नळीचं टोक एक केसभर खाली जातं. मूठ सैल केली की टोक वर. नेम असा मुठीतल्या मुठीत आणायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचं, आणि मग उजव्या बोटानं घोडा ओढायचा. पिशवी बरोबर भरलेली असली तर डाव्या हाताची थरथर तिच्यातच जिरून जाते. हे शेवटचं वाक्य मामंजींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी सुभेदारांना ते पुन्हा म्हणायला लावलं होतं.

आणि म्हणून त्या शनिवारी आराम या शब्दानंतर मामंजींनी हात धुतले आणि खटला दाखल केला. "संक्रांतीले क्लबची नेमबाजी हाये. पाच गोळ्या मिळतात. पाचही तुझ्या मायच्या एका तिळाच्या लाडवाखाली झाकल्या गेल्या, तं हा विषय या घरात पुन्हा निघणार नाई. नाई झाकल्या, तं कोट खुंटीले अन् मी अकोल्याले. कबूल?"

"कबूल," हे म्हणाले.

"लाडू केवढा करू थे सांगून ठेवा," सासूबाई आतून म्हणाल्या.

यावर ह्यांना घाम फुटला. आईनं मनावर घेतलं तर नारळाएवढा लाडू वळेल, हे त्यांना ठाऊक होतं. बरीच वादावादी झाली. शेवटी फडताळातल्या डब्याच्या तळाशी गेल्या संक्रांतीचा एक लाडू सापडला, दगड झालेला, मुंग्यांनीही नाद सोडलेला. तोच प्रमाण मानायचं ठरलं. मामंजींनी त्याला मुद्देमाल म्हणून कागदात गुंडाळून कपाटात कुलूपबंद केलं.

मग सुरू झाला तो मागच्या पिशवीचा हिवाळा. क्लबची रायफल घरी मिळत नसे, म्हणून मामंजी मुसळावर सराव करायचे. कोर्टातून आले की अंगणात सतरंजी, पुढे गव्हाचं अर्धं पोतं, त्यावर मुसळ, आणि नेम न्हाणीघरातल्या बंबाच्या तोटीवर. हात हलतो का ते कळावं म्हणून त्यांनी माझ्या पैंजणातलं एक घुंगरू मागून घेतलं आणि मुसळाच्या टोकाला बांधलं. हात थरथरला की घुंगरू वाजे. संध्याकाळी आमच्या अंगणातून छुन् छुन् आवाज यायचा आणि शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "सूनबाई नाच शिकून राहिली का वं?"

पहिली पिशवी सासूबाईंनी खादीची शिवली, कारण मामंजींना दुसरं कापड चालत नसे. आत भरली सरकी. आमच्याकडे सरकी म्हणजे म्हशीचं खाद्य, पण शेजारीपाजारी म्हशी असल्यामुळे फुकट आणि मुबलक. दिसायला पिशवी गुबगुबीत झाली. पण सरकीला कापसाचा अंश चिकटलेला असतो, ती दबते आणि लगेच उसळते. मामंजींनी श्वास घेतला की मुसळ वर, सोडला की खाली. घुंगरू थांबेचना.

मग वाळू. सुभेदारांचा आग्रह वाळूचाच होता. पण सुभेदारांची पिशवी होती पलटणीच्या जाड कॅनव्हासची आणि आमची होती देशभक्तीची, विरळ विणीची. वाळू झिरपायला लागली. सतरंजीत वाळू, मामंजींच्या धोतरात वाळू, अंथरुणात वाळू. ज्या दिवशी भाकरीत कचकन आवाज झाला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "चिन्यायले माराचं तवा मारा, घरच्यायले काहून मारून राहिले?" वाळू बंद झाली.

ज्वारी बरी निघाली. मुठीत बसायची, दबली की दबून राहायची. दोन-चार दिवस घुंगरू निम्म्यानं कमी वाजलं आणि मामंजी दाढी करताना गुणगुणलेही. पण एके रात्री पिशवी अंगणात राहिली आणि सकाळी चिमण्या आणि खारींनी मिळून तिची चिंधी केलेली. जवस भरून बघितलं, तर ते इतकं गुळगुळीत की पिशवी पाण्यासारखी एकीकडे वाहायची आणि मुसळ कलंडायचं. तुरीची डाळ मामंजींनी नुसती सुचवली होती. "खायाची वस्तू अन् बंदुकीच्या बुडाखाली?" असं म्हणून सासूबाईंनी डाळीच्या डब्यावर वरवंटा ठेवला.

गावात इतरांचीही हीच गत होती. त्या हिवाळ्यात अमरावतीतली भली भली माणसं भेटली की प्रकृती विचारायच्या आधी पिशवीत काय भरलं ते विचारायची. बागवाल्यांचा विश्वास बागेतल्या काळ्या मातीवर. मुख्याध्यापकांनी शाळेतले खडूचे तुकडे भरले होते. त्यांनी गोळी झाडली की पुढून आवाज यायचा आणि मागून पांढरा धूर. प्रत्येकाचं म्हणणं आपलीच पिशवी शास्त्रशुद्ध. मामंजी मात्र त्या चर्चांतून लवकर उठून यायचे. बाकीच्यांचा खेळ होता, मामंजींचं सगळं आयुष्य त्या मुठीत अडकलं होतं. रात्री ते डावा हात उजव्या हातात धरून बसलेले दिसायचे, एखाद्या हट्टी पोराला धरून बसावं तसे. मला त्यांचं फार वाईट वाटायचं, आणि सुनेनं सासऱ्याला काय म्हणून धीर द्यायचा ते कळायचं नाही.

मला तेव्हा सातवा लागत आलेला. बाळंतपणाला संक्रांतीनंतर पुण्याला जायचं ठरलेलं. बाळ जन्माला यायच्या आधी त्याचं काही करू नये असा आमच्या घरचा दंडक, आणि तो दंडक सगळ्यांत कडक पाळायच्या सासूबाई. पण पुण्याच्या लोकांना काय येतं, या काळजीनं त्यांनी दुपारी दार लावून गुपचूप एक गोष्ट शिवली होती. बाळाच्या डोक्याखालची मोहरीची उशी. तान्ह्याचं डोकं कुठल्याही एका बाजूला कलू नये, गोल राहावं, म्हणून मोहरी भरलेली छोटी उशी देतात. डोकं जिथं टेकवावं तिथं मोहरी सरकून खळगा करते आणि मग जागची हलत नाही. ती उशी सासूबाईंनी देवघरात देवांच्या वस्त्रांखाली लपवली होती. एकादशीला मामंजी गंध शोधायला गेले आणि त्यांच्या हाताला ती लागली.

मी बाहेर तांदूळ निवडत होते. देवघरात बराच वेळ काही आवाज नाही. मग मामंजी बाहेर आले, सोवळ्यातच, डाव्या मुठीत काहीतरी घेऊन. सतरंजी न घालता तसेच अंगणात पालथे झाले, मुसळाखाली ते ठेवलं आणि एक डोळा मिटला.

घुंगरू वाजलं नाही.

मी निवडायचं थांबले. सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या. कुठेतरी दूर कोणी लाकडं फोडत होतं तेवढाच आवाज. मामंजी मुठीनं उशी दाबत होते, सोडत होते, मुसळाचं टोक केसभर वर-खाली होत होतं, आणि घुंगरू गप्प. ते बराच वेळ तसेच पडून राहिले. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मोहरीची झळ लागली म्हणाले. शिवलेल्या उशीतल्या मोहरीची झळ कशी लागेल, पण त्या वेळी मला ते इतके आवडले की मीही डोळे पुसून मोहरीलाच दोष दिला.

सासूबाईंना दोन गोष्टींचा एकदम राग आला: चोरी पकडली गेली याचा, आणि पकडणाऱ्यानं मुद्देमाल वापरायला घेतला याचा. "ठेवा ती खाली! लेकराच्या उशीवर बंदूक ठेवून राहिले तुमी?"

"कापड कोणतं आहे हे?" मामंजींनी विचारलं.

"तुमचं जुनं धोतर. मऊ झालं होतं म्हणून घेतलं."

"मोहरी कोणाच्या घरची?"

"आपल्याच."

"कापड माझं, मोहरी माझी. मंग उशी कोणाची?"

"लेकराची!"

"जो पक्ष अजून हजरच नाई, त्याची मालमत्ता कशी?"

"हजर नाई कसा? थो बसला तांदूळ निवडत," असं म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. अज्ञान पक्षकाराची पालक म्हणून माझी संमती मागण्यात आली. मी ताटातल्या तांदळांकडे बघत म्हटलं, "बाळाची हरकत नाही." पुण्याची असूनही मी त्या घरात पहिल्यांदा सरळ बोलले असेन. सासूबाई म्हणाल्या, "ठीक आहे. पण उशी जिथी, मी तिथी. अन् जोरानं दाबाची नाई. मोहरी फुटली तं वास येते, लेकरू शिंकन."

संक्रांतीला माझा पहिला सण, म्हणून काळी चंद्रकळा आणि अंगभर हलव्याचे दागिने. खरं म्हणजे हळदीकुंकू संध्याकाळी होतं, पण सासूबाईंना वेळेवर परत येऊ याची खात्री नव्हती, म्हणून मला सकाळीच सजवून टांग्यात बसवलं. खाणीत पोचेपर्यंत हलव्याला मुंग्या लागल्या होत्या. सासूबाईंनी उशी शालीत गुंडाळून छातीशी धरली होती. मुख्याध्यापक लगबगीनं पुढे आले, शालीकडे वाकून बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, काही हिशेब लागेना, तरी म्हणाले, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

"मोहरी," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

खाणीच्या टोकाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे फळ्यांवर चिकटवलेले कागद, आणि बांधाच्या कडेला एक वाळकी बाभूळ. सुभेदारांनी बायकांना लांब बसायला सांगितलं. सासूबाई मामंजींच्या बरोबर मागे जाऊन मांडी घालून बसल्या आणि सुभेदारांकडे अशा बघायला लागल्या की त्यांनी मिशी पुसून विषय सोडला. हे अकोल्याहून पहाटेच्या गाडीनं आले होते. घरी उतरून मामंजींकडून ताब्यात घेतलेला मुद्देमाल खिशात होता. चेहरा असा की जिंकलो तरी हरलो.

मामंजी पालथे झाले. पुढे वाळूचं पोतं, मागे बाळाची उशी, तिच्याभोवती डावी मूठ. पहिली गोळी सुटली. दुसरी. मधे ते श्वास सोडायचे, मूठ जराशी हलायची, थांबायची. तिसरी. चौथी. बागवाले तोंडातला विडा चघळायचे थांबले होते. ह्यांनी माझा हात कधी धरला ते मला कळलं नाही. चारचौघांत असं करायची तेव्हा पद्धत नव्हती. हलव्याची एक बांगडी त्यांच्या मुठीत चुरा झाली.

पाचव्या गोळीला मामंजींनी जास्त वेळ घेतला. मूठ आवळली. आणखी आवळली. बोट घोड्यावर वळायला लागलं, आणि नेमक्या त्या क्षणी सासूबाई ओरडल्या,

"हळू दाबा! मोहरी फुटन!"

ठो.

सुभेदारांनी मान वळवली. सासूबाई आभाळात पतंग शोधत होत्या.

कागद काढून आणला. चार भोकं, एकमेकांना खेटून. ह्यांनी खिशातून लाडू काढून त्यांच्यावर ठेवला. चारही झाकली. पाचवं भोक कागदावर कुठेच नव्हतं. हे मान खाली घालून म्हणाले, "बाबा, पाचवी?"

मामंजींनी कपडे झटकले. धोतराचा सोगा सारखा केला. कागद डाव्या हातात घेतला, आणि खाणीतल्या साऱ्या पारव्यांना उडवणाऱ्या आवाजात म्हणाले, "सुभेदारसाहेब, मले गोळ्या किती दिल्या?"

"पाच, जी."

"आवाज किती झाले?"

"पाच."

"फळीवर, कागदाच्या बाहेर, एखादं नवं भोक?"

"नाई."

"ज्या माणसानं चार गोळ्या एका सुपारीएवढ्या जागेत मारल्या, त्याच बंदुकीनं, त्याच उशीवर, त्याची पाचवी गोळी फळीच सोडून जाईन, हे कोणत्या शहाण्याले पटन?"

"बाबा," हे म्हणाले, "पण भोकं चारच हायेत."

"विरुद्ध पक्षानं मधी बोलू नये. चार भोकं हायेत हे आमाले मान्य. पण भोक म्हणजे गोळी नव्हे. भोक म्हणजे गोळी गेल्याचा पुरावा. अन् एका दारातून दोन माणसं गेली तं दार एकच राहते! आता हे वरचं भोक पाहा. बाकीची तीन गोल हायेत. हे लांबट आहे. काहून लांबट आहे? सुभेदारसाहेब, तुमी सांगा, एक गोळी लांबट भोक करते का?"

"सहसा नाई करत."

"सहसा नाई करत! हे लिहून घ्या."

लिहून घ्यायला कोणी नव्हतं, पण मुख्याध्यापकांनी खिशात पेन्सिल शोधली. मामंजी बोलत राहिले. कागदाची जाडी, वाऱ्याची दिशा, चौथ्या आणि पाचव्या गोळीतला वेळ, पलटणीतले दाखले जे त्यांनी सुभेदारांकडूनच ऐकून सुभेदारांनाच सांगितले. उजवा हात हवेत फिरत होता. डाव्या हातातला कागद थरथरत होता, चांगला फडफडत होता, आणि तिथे जमलेल्यांपैकी एकाचंही त्या हाताकडे लक्ष नव्हतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते कागदाकडे बघतच नव्हते, बापाकडे बघत होते, आणि लहान मुलासारखं तोंड उघडं राहिलं होतं.

शेवटी सुभेदारांनी हात जोडले. "वकीलसाहेब, मी फौजी आदमी. चार दिसून राहिल्या, पण तुमचं ऐकून मले आता चार म्हणायची शरम वाटते. पाच हायेत जी. पाच."

"विरुद्ध पक्षाचं काही म्हणणं?" मामंजींनी विचारलं.

हे पुढे झाले. त्या दगडासारख्या लाडवानं ती चार भोकं पुन्हा झाकली आणि म्हणाले, "झाकल्या, बाबा. उद्या कोर्ट हाये नं? लवकर झोपा आज."

परतताना टांग्यात मागे मामंजी, सासूबाई आणि मी. पुढे टांगेवाल्याशेजारी हे. सासूबाई मोहरी फुटली का म्हणून उशी हुंगून बघत होत्या. मग रस्त्याकडे बघतच हळूच म्हणाल्या,

"पाचवी तं बाभळीत गेली. फांदी हालली. मी पाह्यलं."

मामंजींनी घसा खाकरला. "मीबी पाह्यलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मंग तवाच काहून नाई बोलली?"

सासूबाईंनी उशी शालीत नीट गुंडाळली.

"मले कोणं साक्षीले बोलावलं होतं?"

मामंजी एकदा हुंकारले, आणि मग असे हसायला लागले की घोड्यानं कान टवकारले. पुढे बसलेले हे मागे वळले नाहीत. पण त्यांचे खांदे गदागदा हलत होते, आणि तो रस्ता तर नुकताच डांबरी झाला होता.